दर, जोखीम आणि देयक : खरेदीच्या व्यवहाराची परिभाषा

कारखाना असो, महापालिका असो वा सार्वजनिक रुग्णालय, प्रत्येक संस्थेला आपले काम चालवण्यासाठी बाहेरून माल आणि सेवा घ्याव्या लागतात. ही खरेदी घरगुती खरेदीहून एका मूलभूत बाबतीत वेगळी असते, ती अशी की तिच्यात वस्तू वापरणारा, ती निवडणारा आणि तिचे पैसे चुकते करणारा हे तिघे बहुधा निरनिराळे असतात. त्यामुळे तोंडी विश्वासावर न विसंबता सारे काही कागदावर आणावे लागते आणि त्या कागदावरील जवळजवळ प्रत्येक संज्ञेला रुपयांत मोजता येईल असा अर्थ प्राप्त होतो. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर किंवा शिरोली येथे छोटा कारखाना चालवणाऱ्या उद्योजकाला या संज्ञा रोजच भेटतात. पण रस्त्याचे काम कोणाला मिळाले आणि दवाखान्यातील औषध का संपले, असे विचारणाऱ्या नागरिकालाही त्या ठाऊक असणे तितकेच गरजेचे आहे. वरवर क्लिष्ट दिसणाऱ्या या परिभाषेच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो : माल बिघडला, उशिरा आला किंवा पैसे अडकले, तर तोटा कोणी सोसायचा?

कंपन्यांच्या बोलीत ‘सोर्सिंग’ म्हणजे पुरवठादार शोधणे, त्यांची क्षमता तपासणे आणि त्यांच्याशी अटी ठरवणे. ‘पर्चेस’ म्हणजे ठरलेल्या पुरवठादाराकडे प्रत्यक्ष ऑर्डर नोंदवून माल मिळवणे. आणि गरज निश्चित करण्यापासून देयक चुकते होईपर्यंतची सारी साखळी म्हणजे ‘प्रोक्युअरमेंट’. या साखळीचा आरंभ स्पेसिफिकेशनपासून, म्हणजे मालाच्या तपशीलवार वर्णनापासून होतो आणि पुढच्या अनेक वादांचे बीज इथेच पेरले जाते, कारण वर्णन ढोबळ असेल तर निकृष्ट माल नाकारता येत नाही आणि ते एखाद्याच कंपनीच्या उत्पादनावर बेतलेले असेल तर स्पर्धाच उरत नाही. बाजारात काय उपलब्ध आहे याची माहिती मागवणारे पत्र म्हणजे आरएफआय, ठरलेल्या वर्णनाच्या वस्तूचा दर मागवणारे आरएफक्यू आणि ज्या कामाची पद्धतही पुरवठादारानेच सुचवायची असते त्यासाठीचे आरएफपी. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याला आरएफक्यूसोबत ड्रॉइंग आणि अपेक्षित वार्षिक संख्या मिळते, आणि या संख्येकडे फार सावधपणे पाहिले पाहिजे. डाय किंवा फिक्श्चर बनवण्याचा खर्च अनेकदा प्रत्येक नगाच्या दरात थोडा थोडा वाटून वसूल करायचा असतो. अशा वेळी लाखभर नगांची अपेक्षा सांगून प्रत्यक्षात चाळीस हजारांचीच ऑर्डर आली, तर डायचा उरलेला खर्च पुरवठादाराच्या अंगावर पडतो. किमान किती माल उचलला जाईल आणि तो न उचलल्यास डायचे पैसे कोण देईल, हे एका वाक्यात लिहून घेतलेले नसणे ही लहान उद्योगांच्या करारांतील फार महागडी उणीव आहे.

सगळ्या वस्तूंची खरेदी एकाच पद्धतीने करू नये, हा विचार पीटर क्रालजिक यांनी १९८३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तील लेखात मांडला आणि आजही खरेदीविभागांतील वर्गीकरण बहुधा त्याच आधारावर होते. वस्तूचा नफ्यावरील परिणाम आणि तिच्या पुरवठ्यातील जोखीम या दोन कसोट्या लावल्या की चार गट पडतात. ज्यांचा परिणाम मोठा आणि पुरवठाही अनिश्चित, त्या ‘स्ट्रॅटेजिक’ वस्तू, आणि त्यांच्यासाठी दीर्घकालीन भागीदारी हवी. परिणाम मोठा पण पुरवठादार मुबलक, अशा ‘लेव्हरेज’ वस्तूंत घासाघीस करून दर उतरवता येतो. पेन, कागद, साफसफाईचे साहित्य अशा ‘रूटीन’ वस्तूंत वेळ वाचवणे हाच शहाणपणा. चौथा गट मात्र फसवा असतो, कारण ‘बॉटलनेक’ वस्तूची किंमत क्षुल्लक असल्यामुळे वरिष्ठांचे तिच्याकडे लक्ष नसते आणि ती मिळाली नाही तर सगळे काम ठप्प होते.

या चौथ्या गटाची ताकद जगाला दिसली ती १ फेब्रुवारी १९९७ रोजी, जपानमधील कारिया येथे. ऐसिन सेइकी या कंपनीच्या तेथील कारखान्याला त्या दिवशी आग लागली आणि वाहनांच्या ब्रेकमध्ये बसणाऱ्या एका छोट्या झडपेचे उत्पादन थांबले. टोयोटा ही झडप जवळजवळ पूर्णपणे याच कारखान्याकडून घेत होती आणि तिचा साठा जेमतेम काही तासांचा होता, त्यामुळे त्या बलाढ्य कंपनीचे जपानमधील वाहन-उत्पादन काही दिवस जवळपास बंद पडले. पुढे इतर अनेक पुरवठादारांनी, इतकेच काय तर शिलाई यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या ब्रदर कंपनीनेही, आपल्या यंत्रांवर झडपा करून दिल्या आणि आठवड्याभरातच गाडी रुळावर आली. ‘सोल सोर्स’ आणि ‘सिंगल सोर्स’ या दोन संज्ञांतील फरक इथे नेमका कळतो. बाजारात दुसरा पुरवठादार नसणे म्हणजे सोल सोर्स, तर दुसरे मिळण्यासारखे असूनही दर, दर्जा किंवा सोय पाहून एकालाच धरणे म्हणजे सिंगल सोर्स; पहिली परिस्थिती आहे, दुसरा निर्णय आहे, आणि निर्णयाची जबाबदारी तो घेणाऱ्यावर येते.

साठ्याविषयीच्या संज्ञाही याच जोखमीशी निगडित आहेत. ऑर्डर दिल्यापासून माल हाती पडेपर्यंतचा काळ म्हणजे लीड टाइम, त्या काळातील अनिश्चिततेसाठी राखलेला माल म्हणजे सेफ्टी स्टॉक आणि पुरवठादार ज्याखाली ऑर्डर घेतच नाही ती संख्या म्हणजे एमओक्यू. एका वेळी किती माल मागवावा याचे गणित फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी १९१३ मध्येच मांडले होते. वर्षाला १२,००० नग लागतात, प्रत्येक ऑर्डरमागे कागदपत्रे आणि वाहतूक धरून ५०० रुपये जातात आणि एक नग वर्षभर सांभाळायला १२ रुपये पडतात असे धरले, तर त्यांच्या सूत्रानुसार एका वेळी १,००० नग मागवणे सर्वांत किफायतशीर ठरते. टोयोटाने रूढ केलेल्या ‘जस्ट इन टाइम’ पद्धतीत हा साठा जवळजवळ शून्यावर आणला जातो. साठा खरोखर कमी झाला तर ही पद्धत उत्तमच. पण मोठ्या कारखान्याच्या गोदामातून हललेला साठा पुरवठादाराच्या शेडमध्ये, त्याच्या कर्जाच्या पैशांवर पडून राहणार असेल, तर कमी काहीच झालेले नसते, केवळ व्याज भरणारा बदललेला असतो.

खासगी कंपनी आपल्या मर्जीचा पुरवठादार निवडू शकते, सरकारला ती मुभा नाही, आणि म्हणूनच निविदेची परिभाषा अधिक काटेकोर आहे. निविदा म्हणजे ठरलेल्या अटींवर काम करण्यासाठी इच्छुकांनी विहित मुदतीत आणि गोपनीय रीतीने दिलेला देकार. दोन लिफाफ्यांच्या पद्धतीत आधी तांत्रिक लिफाफा उघडून पात्रता तपासतात आणि पात्र ठरलेल्यांचेच आर्थिक लिफाफे उघडले जातात, जेणेकरून दर पाहून पात्रतेचा निकष वाकवला जाऊ नये; ई-निविदेत हे लिफाफे संगणकीय झाले आहेत, तत्त्व मात्र तेच आहे. निविदाकार गंभीर आहे याची हमी म्हणून बयाणा रक्कम घेतली जाते, आणि केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ती अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के ठेवली आहे. काम न मिळालेल्यांना ती परत मिळते, तर देकार वैध असण्याच्या मुदतीत माघार घेणाऱ्याची जप्त होते. बयाणा रकमेशी अनेकदा गल्लत होणारी सुरक्षा ठेव ही काम मिळाल्यानंतरची बाब असून करार नीट पार पडेपर्यंत ती बहुधा बँक हमीच्या रूपात अडकून राहते. काम संपल्यावरही दोषदायित्व कालावधी उरतो, म्हणजे त्या अवधीत उघड झालेला दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. नव्या रस्त्यावर पहिल्याच पावसाळ्यात खड्डे पडले, तर नागरिकांनी सर्वांत आधी हाच कालावधी विचारला पाहिजे.

निविदेत लिहिलेली पात्रता सरकारवरही बंधनकारक असते, हे तत्त्व मुंबईच्या विमानतळावरील एका उपाहारगृहाच्या वादातून दृढ झाले. तेथील दुसऱ्या वर्गाच्या उपाहारगृहासाठी निघालेल्या निविदेत किमान पाच वर्षांच्या अनुभवाचा नोंदणीकृत हॉटेलचालक हवा अशी अट होती, प्रत्यक्षात मात्र कँटीन चालवण्याचा अनुभव असलेल्याची निवड झाली. रमण दयाराम शेट्टी विरुद्ध आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये सांगितले की, शासनसंस्थेने स्वतः घातलेली अट तिला मनमानीने सोडून देता येत नाही, कारण ती शिथिल होणार हे ठाऊक असते तर आणखी कितीतरी जण पुढे आले असते आणि ती समान संधी त्यांना नाकारली गेली. त्या प्रकरणात विलंब आणि इतर कारणांमुळे कंत्राट रद्द झाले नाही, पण तत्त्व कायम राहिले. पुढे १९९४ च्या टाटा सेल्युलर खटल्यात न्यायालयाने आपली मर्यादाही आखून घेतली : निर्णय कसा घेतला गेला हे न्यायालय तपासेल, पण प्रशासनाच्या जागी बसून स्वतः निविदाकार निवडणार नाही.

पात्र देकारांपैकी सर्वांत कमी दराचा देकार म्हणजे ‘एल-वन’, आणि सार्वजनिक खरेदीत या संज्ञेइतका दरारा दुसऱ्या कोणत्याही संज्ञेला नाही. लेखापरीक्षणात तोंड द्यायला ती सोपी असते, म्हणून अधिकारी तिच्या आश्रयाला जातात. पण सर्वांत कमी दर म्हणजे सर्वांत कमी खर्च, हे समीकरण बहुतेक यंत्रांच्या बाबतीत चुकीचे आहे. पाणीपुरवठा योजनेतील पंप वर्षानुवर्षे चालतो आणि त्या काळातील विजेचे देयक त्याच्या खरेदीकिमतीच्या कित्येक पट होते, त्यामुळे काही हजारांनी स्वस्त मिळालेला कमी कार्यक्षमतेचा पंप पालिकेला महागच पडतो. खरेदी, ऊर्जा, देखभाल, सुटे भाग आणि शेवटची विल्हेवाट हे सगळे धरून काढलेल्या खर्चाला ‘टोटल कॉस्ट ऑफ ओनरशिप’ म्हणतात, आणि निविदेतील तुलना याच आकड्यावर व्हायला हवी. गुणवत्तेलाही गुण देणारी क्यूसीबीएस पद्धत सल्लासेवांसाठी आधीपासून रूढ होती. २०२१ मध्ये केंद्राने ती काही अटींवर इतर कामांना आणि सेवांनाही खुली केली, मात्र तेथे दराखेरीज इतर गुणांचा भार ३० टक्क्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. अवास्तव कमी दराचा देकार हा तर स्वतंत्र धोका आहे. असा ठेकेदार काम अर्धवट सोडतो किंवा साहित्यात काटछाट करतो, म्हणून महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाच्या निविदांत अंदाजपत्रकापेक्षा बऱ्याच कमी दराने काम घेणाऱ्याकडून जादा सुरक्षा ठेव मागितली जाते.

दर खरोखर उतरवायचा तर घासाघिशीपेक्षा मागणी एकत्र करणे अधिक प्रभावी ठरते, आणि एलईडी दिव्यांची सरकारी खरेदी हे त्याचे ठळक उदाहरण आहे. ईईएसएल या सार्वजनिक कंपनीने देशभरातील मागणी एकवटून एकामागून एक निविदा काढल्या, तेव्हा २०१४ च्या आरंभी ३१० रुपयांना पडणाऱ्या दिव्याचा खरेदीदर २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. उलट लिलावात, म्हणजे पुरवठादारांनी ठरावीक वेळेत एकमेकांपेक्षा खालचे दर लावत जाण्याच्या पद्धतीतही दर उतरतो. केंद्राच्या ‘जेम’ या २०१६ मध्ये सुरू झालेल्या खरेदी-पोर्टलवर ही सोय आहे. परंतु या सगळ्याला अर्थ येतो तो स्पर्धा खरी असेल तरच. निविदाकारांनी आधीच संगनमत करून एकाने नेमका दर आणि बाकीच्यांनी मुद्दाम चढे दर भरणे हा २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमाचा भंग आहे. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत असे संगनमत झाल्याचा निष्कर्ष भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये काढून संबंधितांना दंड ठोठावला, आणि त्या प्रकरणाची सुरुवात एका नागरी संघटनेच्या तक्रारीने झाली होती, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एल-वनच्या शर्यतीत लहान उद्योग चिरडले जाऊ नयेत म्हणून २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने काही आधार दिले आहेत. केंद्रीय मंत्रालये आणि सार्वजनिक उपक्रमांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असून त्यातील ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या आणि ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. या उद्योगांना बयाणा रकमेतून सूट आहे, आणि त्यांचा दर एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत असेल तर एल-वनच्या दराला उतरून पुरवठ्यातील हिस्सा घेण्याची संधी मिळते. म्हणजे सर्वांत कमी देकार १०० रुपयांचा एखाद्या मोठ्या कंपनीचा असेल आणि लघु उद्योगाचा ११२ रुपयांचा, तर १०० रुपयांना तयार झाल्यास किमान चौथा हिस्सा त्याला मिळू शकतो.

निर्यातीत जोखमीची सीमारेषा ‘इन्कोटर्म्स’ आखतात. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या या नियमांच्या २०२० च्या आवृत्तीत अकरा संज्ञा आहेत. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची. सीआयएफमध्ये पलीकडच्या बंदरापर्यंतचे भाडे आणि विमा विकणारा भरतो, त्यामुळे जोखीमही तेथपर्यंत त्याचीच असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती एफओबीप्रमाणेच माल जहाजावर चढताच खरेदीदाराकडे जाते आणि करारात वेगळे ठरले नसेल तर विमाही किमान संरक्षणाचाच असतो. नाशिकची द्राक्षे न्हावा-शेव्याहून कंटेनरमध्ये युरोपला निघतात, तेव्हा कंटेनर जहाजावर चढण्याआधी काही काळ बंदराच्या आवारात असतो आणि एफओबी लिहिले असल्यास त्या काळातील नुकसान निर्यातदाराचे ठरते. कंटेनरच्या मालासाठी एफसीए ही संज्ञा वापरावी, असा वाणिज्य मंडळाचाच सल्ला आहे, कारण तिच्यात ठरलेल्या ठिकाणी माल वाहतूकदाराच्या ताब्यात देताच जोखीम संपते.

देशांतर्गत व्यवहारात कराराचा मुख्य कागद म्हणजे पर्चेस ऑर्डर, बोलीत ‘पीओ’. माल पोहोचला की डिलिव्हरी चलनावर सही-शिक्का मिळतो, भांडारात तो तपासून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, तयार होतो, आणि पीओ, जीआरएन व देयक हे तीन कागद जुळले की पैसे सुटतात. नाकारलेल्या मालापोटी खरेदीदार डेबिट नोट काढून रक्कम वळती करतो. उशिरासाठी एलडी, म्हणजे आधीच ठरवलेली नुकसानभरपाई कापली जाते, जी सरकारी करारांत बहुधा आठवड्याला अर्धा टक्का आणि कमाल १० टक्के असते. भारतीय करार कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार ठरलेली रक्कम ही कमाल मर्यादा असून न्यायालय तिच्या आत वाजवी भरपाईच देते.

राहिला प्रश्न पैशाचा, आणि लघु उद्योगांच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा आहे. पीओवर ‘९० दिवस’ किंवा ‘१२० दिवस’ असे छापलेले असले, तरी २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याच्या १५ व्या कलमाने ही मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर पैसे १५ दिवसांत द्यावे लागतात. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर तो प्रत्यक्ष मिळाल्याच्या दिवशीच स्वीकारला गेला असे धरून हे दिवस मोजले जातात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते; बँक दर ६ टक्के धरला तरी ते १८ टक्के होते. २०२३ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्याच्या ४३-ब कलमात भर घालून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे या मुदतीत न दिल्यास ती रक्कम प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून धरली जाईल, अशीही तरतूद केली. याशिवाय ‘ट्रेड्स’ या रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालील व्यासपीठांवर खरेदीदाराने मान्य केलेले देयक बँकांना सवलतीने विकून पैसे लवकर मिळवता येतात, आणि खरेदीदाराने पुढे पैसे बुडवले तरी त्याची वसुली विक्रेत्याकडून होत नाही. २५० कोटी रुपयांपेक्षा अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तेथे नोंदणी सक्तीची आहे.

इतके संरक्षण असूनही ते फारसे वापरले जात नाही, कारण पुढची ऑर्डर जाईल या भीतीने पुरवठादार तक्रार करत नाही. ही भीती खरी आहे, तिला कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही आपली बाजू कागदावर भक्कम ठेवण्याला भीतीची आडकाठी नसावी. लहान उत्पादक आणि सेवा पुरवठादारांनी पहिला माल धाडण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करून घ्यावी, तो क्रमांक प्रत्येक देयकावर छापावा, चलनावर तारखेसह सही घेतल्याशिवाय गाडी परत आणू नये आणि पीओवरील देयकाची मुदत ४५ दिवसांहून अधिक दिसल्यास लेखी विचारणा करावी. वेळ आलीच, तर राज्यातील सुविधा परिषदेकडे दाद मागता येते, आणि परिषदेचा निवाडा न्यायालयात आव्हानित करणाऱ्या खरेदीदाराला त्या रकमेचे ७५ टक्के आधी जमा करावे लागतात.